चांगल्या पाण्याची वाट

फेसाचा एक तुकडा उलट्या दिशेने चालला होता.

तळहाताएवढा असेल. लाट फुटली की फेस किनाऱ्याकडे येतो, ओल्या वाळूवर पसरतो आणि तिथेच विरतो. हा तुकडाही तसाच आला होता. पण वाळूला टेकायच्या आत तो थबकला, जागच्या जागी एकदा गोल फिरला आणि कुणी दोरीने ओढून न्यावा तसा सरळ समुद्राकडे निघाला. त्याचा वेग भरभर चालणाऱ्या माणसाएवढा होता.

वाळूच्या टेकडीवरून समुद्राकडे उतरणाऱ्या लाकडी साकवाच्या कठड्याला टेकून एल्नोरा फॅरो त्याच्याकडे बघत होती. ओळखीचा चेहरा गर्दीत दिसावा तसं तिला बरं वाटलं. सरकारच्या किनारा खात्यात तिची सगळी नोकरी या बेटाची वाळू मोजण्यात गेली होती. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा एक लांब दांडा आहे, हे तिला घरातल्या फर्निचरसारखं पाठ होतं. लाटा त्या दांड्यावर येऊन फुटतात. फुटलेलं पाणी आत येतं आणि मग त्याला परत जायला वाट लागते. दांड्यात जिथे खाच असेल तिथून ते परत जातं. बाकीच्या खाचा वादळाबरोबर सरकतात, बुजतात, नव्या पडतात. ही एक मात्र हलत नाही, कारण तिच्या तळाशी जुन्या दलदलीचा घट्ट काळा थर आहे. एल्नोराने आपल्या नकाशांवर तिथे वर्षानुवर्षं दोनच शब्द लिहिले होते: कायम खाच.

खाचेवर लाट फुटत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना पांढरा गोंधळ चाललेला असताना इथलं पाणी हिरवं, सपाट आणि शहाण्यासारखं दिसायचं. बेटावरची माणसं आजोबा-पणजोबांपासून या जागेला ‘चांगलं पाणी’ म्हणत आली होती. तेच नाव इथे उतरणाऱ्या वाटेलाही पडलं होतं, आणि आज या वाटेचा निकाल लागायचा होता.

कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगत पडलेली ही वाळूची पट्टी इतकी अरुंद की चांगल्या हाताचा माणूस खाडीतून दगड फेकून समुद्रात पाडेल. समुद्रावर उतरायच्या सार्वजनिक वाटा तीन. त्यातल्या एकीवर सगळ्या सोयी करायला राज्याने पैसे मंजूर केले होते: उतरण, न्हाणीघरं, गाड्यांची जागा, आणि उन्हाळाभर एक जीवरक्षक. वाट निवडायला गावाने तीन माणसं नेमली, त्यांत एक एल्नोरा. पाण्याच्या टाकीजवळच्या वाटेच्या पायऱ्या वादळाने खाल्ल्या होत्या, तिचा प्रश्न मिटला. राहिल्या दोन. एक चांगलं पाणी. दुसरी चर्चची गल्ली.

चर्चच्या गल्लीत एका बाजूला कबरस्तान होतं, दुसऱ्या बाजूला एल्नोराचं अंगण. गल्ली रुंद करायची तर कबरी हलवता येणार नव्हत्या. मग अंगण जाणार. अंगणाच्या त्या कडेला तिच्या नवऱ्याची, आयराची, होडी बांधायची शेड होती. आयरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्याची शेवटची होडी अर्ध्या फासळ्यांवर तशीच उभी होती. एल्नोरा रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन शेडच्या दारात बसायची. हे गावाला ठाऊक होतं. म्हणून दोन उन्हाळे ती “अजून एका हंगामाची मोजणी होऊ दे” म्हणत राहिली तेव्हा कुणी तिला कारण विचारलं नाही.

विचारायची गरजही नव्हती. बाकीच्या दोघांचा कौल चांगल्या पाण्यालाच होता. पण निर्णय तिघांच्या एकमतानेच व्हायचा होता; तिने हो म्हटलं की झालं. आणि तिच्याही मनात तेच येत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. का निघत नाही, हे तिला स्वतःलाच धड सांगता आलं नसतं.

मागे ट्रकचं दार आपटलं. बाकीच्या दोघांपैकी पहिला, थॅड गॅस्किल, आला. गळ आणि आमिषाच्या दुकानाचा मालक, आयराचा लहानपणापासूनचा मित्र. साकवावर पाय ठेवायच्या आधीच त्याचं सुरू झालं.

“झालं का गं मोजून? का अजून एक हंगाम?”

“झालं,” एल्नोरा म्हणाली.

“बरं झालं. मला वाटलं, तू वाळू मोजून संपवशील तेव्हा बेटच संपलेलं असेल.”

त्याच्या मागून दुसऱ्या, मिस ओडेसा, आल्या. बेटावरचं सगळ्यात जुनं लॉज त्यांचं. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, पांढरी हॅट, आणि बंद बूट. बुटात वाळू गेलेली त्यांना खपत नसे. त्या साकवाच्या वरच्या टोकालाच थांबल्या आणि पर्सने वारा घेत म्हणाल्या, की आता हा सोहळा आटपा, कारखान्याच्या सायरनसारखी त्यांच्या स्वयंपाकिणीची हाक येईल.

थॅडने समुद्राकडे हात केला. आपल्या मालकीची गाय दाखवावी तसा.

“बघ. आहे का याला तोड? गाड्यांना जागा, टेकडी बुटकी, चालायला चार पावलं. आणि पाणी तर काय, टेबलावर चादर घातल्यासारखं. चर्चच्या गल्लीसमोर लाटा बघितल्यास का? म्हातारी माणसं नुसती बघूनच परत फिरतील.”

मिस ओडेसांनी मान डोलावली. त्यांच्याकडे उतरणारी पाहुणेमंडळी पुलापलीकडची, म्हणजे मुख्य भूमीवरची, मुलंबाळं घेऊन येणारी. त्यांना शांत पाणी हवं असतं. चर्चच्या गल्लीसमोरचा पांढरा धुमाकूळ बघून ती घाबरतात, आणि खोल्या सोडून पुढच्या बेटावर जातात, असं त्यांचं म्हणणं. थॅडचं म्हणणं वेगळं पण जाऊन मिळणारं तिथेच. इथे ड्रम मासे किनाऱ्याला लागून येतात, म्हणून गळ टाकणारी माणसं इथे येतात, म्हणून त्याचं दुकान चालतं. सोयी झाल्या तर अजून चालेल.

एल्नोरा ऐकत होती. डोळे अजून फेसावर होते. तुकडा आता लांब गेला होता, उन्हाच्या तिरिपीत दिसेनासा झाला होता. तिने कपाळावर हात धरला, पुन्हा शोधलं, सोडून दिलं, आणि हो म्हणायला वळली.

वळताना तिला टॉवेल दिसला.

साकवाच्या खालच्या टोकाला, कठड्यावर नीट घडी घालून ठेवलेला. पिवळे पट्टे, एका कोपऱ्यात जळल्याचा डाग. इस्त्रीचा डाग. तो टॉवेल तिच्याच कपाटातला होता.

*

वेस्ली, तिचा मुलगा, काल रात्री बायकोला घेऊन आला होता. लग्न थंडीत डोंगरात झालं, तिकडच्या लोकांत. कॉरिन पहिल्यांदाच बेटावर येत होती, आणि समुद्रही पहिल्यांदाच बघत होती. टेनेसीत तळ्याकाठी वाढलेली मुलगी, खांदे पोहणाऱ्या माणसाचे. लांबच्या गाडीप्रवासाने वेस्ली मेल्यासारखा झोपला होता. ती मात्र उजाडताच स्वयंपाकघरात आली. एल्नोरा तव्यावर मक्याच्या वड्या परतत होती.

कॉरिनने कॉफी घेतली, खिडकीतून शेड बघितली, ती कुणाची म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. एल्नोराला ते आवडलं. मग मुलीने, दक्षिणेकडच्या रीतीप्रमाणे आदराने ‘मिस’ लावून, विचारलं होतं, “मिस एल्नोरा, इथे सगळ्यात चांगली जागा कुठली? म्हणजे पाण्यात जायला?”

आणि एल्नोराने वडी उलटवत, मान वर न करता, सांगितलं होतं: “चांगलं पाणी. दुसरं कुठे जाणार?”

कपाटातून टॉवेलही तिनेच काढून दिला होता.

आता साकवावर उभं असताना ते वाक्य तिला परक्याच्या आवाजात ऐकू आल्यासारखं ऐकू आलं. इतकी वर्षं नकाशावर ‘कायम खाच’ लिहिणारी आणि सकाळी तव्यापुढे उभी असणारी बाई एकच होती, पण त्या दोघींची आजवर गाठच पडली नव्हती. एक खात्यात जायची. दुसरी बेटाची भाषा बोलायची, जिच्यात चांगलं पाणी म्हणजे चांगलं पाणी. त्याच्यात उतरायचं असतं असं त्या भाषेत कुणी कधी म्हटलं नव्हतं.

तिने समुद्राकडे पाहिलं. आता ती फेस शोधत नव्हती.

नारिंगी टोपी दिसली ती दांड्याच्याही पलीकडे. फेसाचा तुकडा जिथे नाहीसा झाला होता त्याच रेषेत. टोपी किनाऱ्याकडे तोंड करून होती, हात जोरात पडत होते, आणि टोपी लहान होत होती.

“थॅड,” ती म्हणाली. “ती कॉरिन आहे.”

थॅडने एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. पाणी त्याला कळत होतं. माशासाठी त्याने ते आयुष्यभर वाचलं होतं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

“अगं, पण ती तिथे गेलीच कशी?”

 एल्नोरा साकवावरून धावत सुटली होती.

थॅड तिच्या मागून वाळूत उतरला, पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. हात हलवून त्याने दोनदा हाक मारली. आवाज दोन्ही बाजूंच्या लाटांत बुडाला. तो आणखी एक पाऊल पुढे गेला. पायाखालची वाळू पळत होती हे त्याला जाणवलं असणार, कारण तो मागे सरला आणि तसाच उभा राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. मिस ओडेसा वरून फोनवर बचाव पथकाला सांगत होत्या, कुठे, कोण, किती लांब. आवाज शांत होता. हातातली पर्स मात्र कधीच खाली पडली होती. पथक बेटाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

एल्नोरा पाण्यात शिरली नाही. ती किनाऱ्याने उत्तरेकडे पळत होती, जिथे लाटा फुटत होत्या तिकडे. वय झालेल्या बाईला जमेल तसं, बूट वाळूत रुतत. फेसाळलेल्या पाण्यासमोर आल्यावर ती थांबली, समुद्राकडे वळली आणि दोन्ही हातांनी टोपीला आपल्याकडे बोलवायला लागली. सरळ किनाऱ्याकडे नको. आडवी ये. इकडे ये. या पांढऱ्यात ये. शब्द पोचणार नव्हते, म्हणून ती नुसते हात फिरवत राहिली. मग अंगातलं पांढरं जाकीट काढून तेच फिरवायला लागली.

तिला नेमकं माहीत होतं, की दांडा इथे पाण्याखाली कमरेइतक्याच खोलीवर आहे. इथे लाटा फुटतात त्या म्हणूनच. फुटलेली प्रत्येक लाट माणसाला आत ढकलते. हे सगळं खरं होतं, तिने स्वतः मोजलेलं होतं. पण पाण्यातल्या माणसाला यातलं काय दिसतं, हेही तिला आत्ता पहिल्यांदाच दिसलं. समोर शांत हिरवा रस्ता, सरळ घराकडे जाणारा. उजवीकडे कोसळणाऱ्या पांढऱ्या भिंती. आणि त्या भिंतींपुढे उभी असलेली एक बाई, जिच्या सांगण्यावरून आपण इथे आलो, ती आपल्याला भिंतींकडे बोलावतेय.

टोपी हलली नाही. म्हणजे हात पडत होते, पण दिशा तीच. सरळ. पाण्याच्या तोंडावर.

एल्नोरा जाकीट फिरवत राहिली. तिचा खांदा दुखायला लागला आणि तो दुखतोय हे तिला नंतर, दुपारी कळलं.

मग हात पडायचे थांबले. टोपी पाण्यात एकदा दिसली, एकदा नाही, पुन्हा दिसली. थॅडच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. एल्नोराला वाटलं, आपण एक आकडा बघतोय. अंतर, वेग, वेळ. आपलं डोकं अजून गणित करतंय, या गोष्टीची तिला शिसारी आली.

पण मुलगी बुडाली नव्हती. ती पाठीवर उलटली होती. थोडा वेळ नुसती पडून राहिली, वर खाली होत. बहुतेक श्वास घेत असेल, किंवा विचार करत असेल. मग पोटावर वळली आणि आडवी पोहायला लागली. उत्तरेकडे. पांढऱ्याकडे.

पहिल्या लाटेने तिला गिळलं. दुसरीने वर आणलं. तिसऱ्या लाटेत टोपी गेली, ओले केस दिसले, आणि मग अचानक ती उभी होती, समुद्राच्या मध्यावर, पाण्यातून कमरेपर्यंत वर. कुणी स्टुलावर उभं केल्यासारखी. दांड्यावर तिचे पाय टेकले होते. पुढची लाट आली आणि तिला आडवं करून आत घेऊन आली.

*

ती वाळूवर हातापायांवर बसून ओकली. खारं पाणी आणि सकाळची कॉफी. थॅडने आपला कोट तिच्या पाठीवर टाकला, मग काढला, उलटा होता म्हणून सुलटा करून पुन्हा टाकला. मिस ओडेसा साकवावरून उतरून वाळूतून चालत आल्या होत्या. बंद बुटांनी. बूट भरले होते आणि त्यांनी ते बघितलंही नाही. येता येता त्यांनी पथकाला फोनवर कळवलं, की मुलगी बाहेर आली आहे, पण या आणि तपासा.

एल्नोरा मुलीच्या समोर गुडघ्यांवर बसली होती. तिला हात लावावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

कॉरिनने तोंड पुसलं. दात वाजत होते.

“मला वाटलं, तुम्हाला वेड लागलंय,” ती म्हणाली. “तुम्ही मला लाटांत बोलवत होतात.”

“हो.”

“सकाळी इथे पाठवलंत, आणि मग लाटांत बोलवलंत.” ती थांबली, पुन्हा खोकली. “म्हटलं, दोन्हींपैकी एक तरी खरं असेल.”

ती हसायला गेली असावी. हसू आलं नाही, रडू आलं. तेव्हा एल्नोराने तिला धरलं. मुलीचं अंग दगडासारखं गार होतं आणि पाठीतून हिव निघत होतं.

थॅड शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली, जशी दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने भलतंच काही मागितल्यावर पडायची.

“एल्नोरा, तू पाठवलंस हिला इथे?”

“हिने विचारलं, पाण्यात जायला चांगली जागा कुठली. मी म्हटलं, चांगलं पाणी.”

“मग बरोबरच आहे,” थॅड म्हणाला. सवयीने म्हणाला. मग त्याने स्वतःचं बोलणं ऐकलं.

 डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे पाणी हिरवं आणि सपाट पडलं होतं. चादर घातलेल्या टेबलासारखं.

मिस ओडेसांनी हॅट काढून हातात धरली. “थॅड, तू पाण्यात शेवटचा कधी गेलास?”

“मी? होडी उलटली होती तेव्हा. लग्नाआधी.”

“तू गं?”

एल्नोरा म्हणाली, की मोजणीला घोट्यापर्यंत. त्यापुढे होडीतून.

“मीही नाही,” मिस ओडेसा म्हणाल्या. “माझी आई म्हणायची, पाण्यात जातं ते जाळं. माणूस नाही.” त्यांनी दोघांकडे पाहिलं. “पोहायची जागा निवडायला गावाने नेमून नेमून आपल्या तिघांना नेमलं.”

एरवी थॅडने यावर काहीतरी फिरकी घेतली असती. तो खाली वाळूकडे बघत होता.

“ते विचारतात ना,” तो म्हणाला. “दुकानात. सगळ्यात चांगली जागा कुठली, मिस्टर. दिवसाला दहा जण विचारतात. मी सांगतो. मी नकाशा काढून देतो, पिशवीवर. मला वाटायचं...” त्याने हाताने गळ टाकल्यासारखी खूण केली आणि हात तसाच हवेत राहिला. “मासे खाचेतूनच आत येतात. खाच असेल तेच चांगलं पाणी. आमच्या आजोबांनी शिकवलं. दुसरं कशाला कोण विचारेल?”

“माझ्या काउंटरवर छापील कार्ड आहे,” मिस ओडेसा म्हणाल्या. “दरवर्षी नवीन छापते.”

कॉरिन एल्नोराच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होती, एकाकडून दुसऱ्याकडे. तिला हळूहळू उमगत होतं. 

थॅडचा आवाज अचानक बारीक झाला.

“गेल्या ऑगस्टातला तो पेनसिल्व्हानियाचा माणूस.”

“त्याचं हृदय बंद पडलं होतं,” मिस ओडेसा लगेच म्हणाल्या.

“आपण म्हटलं तसं. सगळ्यांनी म्हटलं.” थॅड वाळूवर बसला. “त्याने माझ्याकडून टोपी घेतली होती. निळी. विचारलं, पोरींना घेऊन कुठे जाऊ. पोरी बाहेर ट्रकला टेकून उभ्या होत्या, आइसक्रीम खात.”

एल्नोराला तो दिवस आठवत होता. या साकवाखाली त्याच्या प्रेताभोवती माणसं जमली होती आणि ती त्या गर्दीच्या मागे उभी होती. पुलापलीकडची माणसं, असं कुणीतरी म्हणालं होतं, त्यांना समुद्राचं काय कळतं, भरल्या पोटी उतरतात. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिनेही. तिने त्या संध्याकाळी घरी जाऊन नकाशा उघडला होता, आणि तो बंद केला होता. पुढच्या बैठकीत तिने पुन्हा म्हटलं होतं, अजून एका हंगामाची मोजणी होऊ दे.

जे तिला स्वतःला धड सांगता येत नव्हतं ते हेच होतं. ‘हो’ तोंडातून निघत नव्हतं, कारण खात्यातल्या बाईला माहीत होतं. आणि ‘नाही’ निघत नव्हतं, कारण नाही म्हटलं की चर्चची गल्ली, आणि चर्चची गल्ली म्हणजे शेड. तिने मधली जागा धरून ठेवली होती. तेवढ्यात दुसऱ्या बाईने तव्यापुढे उभं राहून परस्पर उत्तर देऊन टाकलं.

पथकाची गाडी आली. दोन तरुण उतरले, कॉरिनची छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं, पाण्याचा अंश आत गेलाय का ते डॉक्टरला दाखवा म्हणाले. तिला चांदीच्या कागदासारखं पांघरूण दिलं. ती त्यांच्या गाडीच्या मागच्या दारात बसली, पाय खाली सोडून. वेस्लीला फोन लागला. तो येत होता.

तिघं परत साकवापाशी आली. थॅड साकवाच्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. तिथे बसूनच त्याने बोलायला सुरुवात केली. एल्नोराकडे न बघता, घाईघाईने, रस्ता मोकळा करून देणाऱ्या माणसासारखं. म्हणाला, की इथे मोठी पाटी लावू. लाल. धोका. दोन भाषांत. मिस ओडेसा कार्ड बदलतील, तो पिशव्यांवर काढणं बंद करेल. जीवरक्षक तर इथेच बसणार आहे, तो बघेल. सोयी इथेच होऊ देत. मग तो थांबला आणि म्हणाला:

“आयराची शेड राहू दे, एल्नोरा. आजच्या एवढ्यावरून सगळं उलटं करायला नको. होडी अर्धी आहे त्याची. मी करेन म्हटलं होतं पुरी, जमलं नाही मला. पण राहू दे ती.”

हे त्याने आजवर कधी उघड म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. दोन वर्षं सगळ्या बैठकांत शेड मधोमध उभी होती आणि सगळे तिला वळसा घालून बोलत होते. थॅड तिच्यासाठी बोलत होता, आयरासाठी बोलत होता, आणि तो खोटं काहीच बोलत नव्हता. पाटी लावता आली असती. बऱ्याच ठिकाणी लावतात.

मिस ओडेसा वाट बघत होत्या. त्यांनी बाजू घेतली नाही.

एल्नोराने हिरव्या पाण्याकडे पाहिलं. जीवरक्षक संध्याकाळी घरी जाईल. समुद्र जाणार नाही. पाटी ज्यांना वाचता येईल त्यांच्यासाठी असेल, आणि तिला स्वतःला तर आपलाच नकाशा वाचता आला नव्हता. रुंद उतरण, न्हाणीघरं, गाड्यांना जागा, आणि पुढ्यात इतकं शांत पाणी. येणारा प्रत्येक माणूस त्या सगळ्याचा एकच अर्थ लावेल. लावायलाच हवा. तो अर्थ बरोबर असायला हवा. चर्चच्या गल्लीसमोरच्या लाटा भीती घालतात, पण माणसाला किनाऱ्याकडेच ढकलतात.

गाडीच्या दारात कॉरिन पांघरूण घट्ट धरून बसली होती. तिचे ओठ अजून निळसर होते. सकाळी खिडकीतून तिने शेडकडे बघितलं होतं आणि काही बोलली नव्हती. आत्ताही ती काही बोलत नव्हती. थॅडचं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं होतं.

“मी या वाटेला नाही म्हणते,” एल्नोरा म्हणाली.

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, म्हणून तिने घसा खाकरला आणि पहिल्यापासून, थॅड, मिस ओडेसा आणि कॉरिन, तिघांनाही स्पष्ट ऐकू जाईल असं, पुन्हा म्हटलं:

“माझं मत चर्चच्या गल्लीला. माझ्या बाजूने रुंद करा. आयराची शेड पाडा.”